अठ्ठावीस मिलिमीटरची फौज

दासगावच्या कर्नलांनी आयुष्यात एकदाही बंदूक हातात धरलेली नाही. कॉलेजात असताना एनसीसीत गेले होते, पण तळवे सपाट निघाले म्हणून परेडऐवजी त्यांना बुटांच्या स्टोअरवर बसवलं. पुढची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत, ड्राफ्ट्समन म्हणून, टेबलावर वाकून. निवृत्त झाल्यावर गावी आले, आणि आज महाडपासून वीर स्टेशनपर्यंत कुठेही ‘कर्नल’ म्हटलं की लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवतात. गंमत अशी की त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर खऱ्याखुऱ्या लष्करात नोकरी करून आलेले एक गृहस्थ राहतात. त्यांना गाव नुसतं ‘हवालदार’ म्हणतं. हाताखाली माणसं किती ते बघून गाव हुद्दा देतं. हवालदारांच्या हुकमतीत सध्या एक नातू आणि दोन म्हशी, त्यातही म्हशी मनाला येईल तेवढंच ऐकतात. कर्नलांच्या हुकमतीत दोन हजारांच्या घरात शिपाई, आणि एकजण उलटून बोलत नाही.

हे शिपाई मिश्रधातूचे किंवा प्लास्टिकचे, तळव्यापासून डोळ्यापर्यंत २८ मिलिमीटर उंच. डोक्यावरची पगडी या मापात धरत नाहीत. हे कर्नल प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि त्याने ‘असं होय!’ म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. इंग्लंडात असली माणसं ओतणाऱ्या कंपन्या आहेत. कोरी, करडी येतात. रंगवायची आपण, मग टेबलावर मांडून फासे टाकत जुन्या लढाया खेळायच्या. लेस्टरला असलेल्या पुतण्याने एका दिवाळीला कंपनी सरकारच्या शिपायांचा पहिला डबा पाठवला, तो खरं तर कर्नलांच्या नातवासाठी. नातू तेव्हा पाचवीत होता. ‘लहान आहे, हरवेल, जरा मोठा झाला की देऊ,’ म्हणून डबा कपाटात गेला. नातू इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागला, त्याचं लग्न ठरलं. अजून तो पुरेसा मोठा झालेला नाही.

दासगावात बसून हा नाद करायचा म्हणजे अर्धं सामान आपल्या अकलेने उभं करावं लागतं. परदेशी प्रायमर परवडत नाही, म्हणून महाडच्या गॅरेजमधून गाडीचा स्प्रे येतो. पगड्या आणि बोचकी घडवायला एम-सील. जमिनीवरचं गवत म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या बारीक कातरून. दगडमातीसाठी लागणारी कच फुकट, कारण मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं दाराशी चाललेलं आहे. ते काम संपू नये असं मनापासून वाटणारा माझ्या पाहण्यातला हा एकमेव कोकणी माणूस.

आणि प्रत्येक शिपायाच्या पायाखाली एक रुपया. खराखुरा, सरकारी टांकसाळीतला. विकतची बैठक महाग पडते. जुना स्टीलचा रुपया बरोबर २५ मिलिमीटर व्यासाचा, शिपायाला नेमका बेताचा. २०११ पासून सरकारने रुपया जवळजवळ तीन मिलिमीटरने लहान केला, त्याचा कर्नलांनी घेतलेला धसका अजून गेलेला नाही. पेपरात ‘रुपया घसरला’ असा मथळा आला की ते चष्मा वर करून म्हणतात, “घसरला नाही हो, आकसला. मी मोजलाय.” दासगावच्या किराणा दुकानदारांना ठाऊक आहे की गल्ल्यात मोठा रुपया आला की बाजूला काढून ठेवायचा; कर्नल त्याचे सुटे देतात.

आता दर्शनाची पद्धत. पाहुणा ओटीवर टेकला की काकू विचारतात, “चहा आधी देऊ का नंतर?” नवखा माणूस ‘नंतर’ म्हणतो आणि तिथे फसतो, कारण नंतर म्हणजे तिन्हीसांजेला. कर्नल त्याला माजघरात नेतात. तिथे काचेच्या कपाटात एके काळी काकूंच्या लग्नातला टी-सेट होता. तो माळ्यावर गेला आणि तिथे पलटणी आल्या. कपाटातला दिवा लागतो. पाहुण्याच्या हातात भिंग दिलं जातं. मग चिमट्याने नव्हे, दोन बोटांनी, रुपयाच्या कडेला धरून एक शिपाई बाहेर येतो. मुंबई इलाख्याच्या पायदळातला, अठराव्या शतकाच्या अखेरचा. लाल कोट, छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे, आणि खाली गुडघ्याच्या वरच संपलेली चड्डी, पायात चपला. पाहुण्याची नजर चड्डीवर जाते आणि तो हसतो. कर्नल याचीच वाट बघत असतात. “वर इंग्लंड, खाली कोकण,” ते म्हणतात, आणि पाहुण्याला वाटतं की हे वाक्य त्यांना आत्ताच सुचलं.

“काय दिसतंय?”

“शिपाई.”

“नीट बघा.”

“लाल कोट…”

“बटणं मोजा.”

बटणं मोजावी लागतात. ती खरोखरच तिथे असतात, मोहरीच्या दाण्याच्या चतकोराएवढी, आणि प्रत्येकाखाली सावलीची रेघ. त्यांच्या हाताला तोड नाही, हे मान्यच करायला हवं. डोळा रंगवताना मी एकदा शेजारी बसलो होतो. आधी पांढऱ्या रंगाचा आडवा ठिपका. मग ट्रिपल झिरो कुंचल्याचा एकच केस जेमतेम ओला करून त्या ठिपक्यात काळी उभी रेघ. एवढ्या वेळात दोन्ही कोपरं टेबलाला टेकलेली, मनगटं एकमेकांना चिकटलेली आणि श्वास बंद. बाहेर एसटीने हॉर्न दिला आणि शिपाई जन्माचा तिरळा झाला. कर्नलांनी त्याला शांतपणे मागच्या रांगेत उभं केलं. मागच्या रांगेत असे पुष्कळ आहेत. महामार्गालगतच्या घरात त्याला इलाज नाही.

दुसरा शत्रू पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दासगावची हवा म्हणजे पाणीच, त्या हवेत मॅट वार्निश मारलं की ते वाळताना पांढरट पडतं. एका श्रावणात कर्नलांनी घाई केली आणि अफगाण युद्धाला निघालेली अख्खी तुकडी एका रात्रीत बर्फात सापडल्यासारखी झाली. त्यांनी हार मानली नाही. ‘हिवाळी मोहीम’ अशी चिठ्ठी लावून ती तुकडी तशीच मांडली. पाहुणे तिचंच सर्वांत जास्त कौतुक करतात, तेव्हा कर्नलांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

‘खेळणी’ हा शब्द त्यांना चालत नाही. कोणी चुकून काढला तर लगेच घराणं सांगायला लागतात. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ साली आपल्या लष्करापुढे युद्धाचा खेळ मांडला, सेनापती तो खेळून डावपेच शिकले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारं पुस्तक लिहिलं. आणि चर्चिल! लहानपणी चर्चिलकडे दीड हजारांच्या आसपास शिपाई होते, त्यानेच ते आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हा आकडा कर्नलांनी मनावर घेतला होता. १५०१ वा शिपाई रंगवून झाला त्या दिवशी त्यांनी महाडहून पेढे आणून आळीत वाटले. लोकांनी नातवाचं लग्न ठरलं समजून खाल्ले. ‘चर्चिलला मागे टाकलं’ हे कारण कळल्यावर एका म्हातारीने विचारलं, “कोण तो, वरच्या आळीतला का?”

त्यांच्या फौजेचा काळ ठरलेला आहे: १७५६ ते १९००. १७५६ का, याचं उत्तर ते ओटीवरून खाडीकडे हात करून देतात. त्या वर्षी पेशव्यांबरोबर झालेल्या तहात बाणकोटच्या किल्ल्याबरोबर सावित्रीकाठची काही गावं कंपनीकडे गेली, त्यात दासगाव होतं. “पुणं १८१८ ला गेलं. आम्ही त्यांच्या ६२ वर्षं आधी गेलो,” हे ते अशा थाटात सांगतात की गुलामीतही पुण्याच्या पुढे राहिल्याचा आनंद लपत नाही. मग फोर्ब्स येतो. जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा नोकर १७७१ मध्ये या भागात येऊन राहिला, गरम पाण्याच्या झऱ्यांचं वर्णन करून गेला, पुढे त्याने आपल्या आठवणींचे जाडजूड खंड छापले. कर्नलांकडे फोर्ब्सही आहे: टोपी, वही आणि सुजलेले पाय. पाय सुजलेले का, तर मूळ ओतकामात धातू जास्त झाला होता. कर्नल म्हणतात, “तब्येतीसाठीच आला होता ना?”

पण रायगडाच्या पायथ्याच्या तालुक्यात राहायचं, दोन हजारांची फौज बाळगायची, आणि त्यात महाराज नाहीत? शिवजयंतीच्या मंडळाची पोरं हा प्रश्न घेऊन एकदा घरी आलीच. कर्नलांनी त्यांना बसवून समजावलं, की महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, आपला काळ त्यानंतर ८२ वर्षांनी सुरू होतो. पोरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे इंग्रज आहेत, पण महाराज नाहीत?” यावर बुद्धिमान माणसाकडेही उत्तर नसतं. तडजोड अशी ठरली की दिवाळीत आळीचा किल्ला कर्नलांच्या देखरेखीखाली होईल.

तो किल्ला पोरं अजून विसरलेली नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे माती कालवली, अळीव पेरले, बाजारातून आणलेले प्लास्टरचे मावळे मांडले. सिंहासनावर महाराज वीतभर, दरवाजाची तोफ दोन इंची, आणि गुहेबाहेरचा वाघ तोफेला पुरून उरणारा. ड्राफ्ट्समनच्या डोळ्यांत पाणी आलं. फूटपट्टी घेऊन ते उकिडवे बसले आणि मोजमापं सांगू लागले: महाराज इतके, तर बुरूज कौलापर्यंत जायला हवा, वाघ या हिशोबाने अकरा फुटी होतो, तो काढा. एक पोरगा गंभीरपणे म्हणाला, “काका, वाघ माझ्या बाबांच्या लहानपणापासून आहे. किल्ला त्याच्यासाठी बांधतो आम्ही.” कर्नल उठले, फूटपट्टी खिशात घातली आणि तीन दिवस त्या बाजूला फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे वाघाच्या अंगावर नवे पट्टे दिसले, सावलीसकट. मिशांचे केस मोजता येत होते.

लढाईला समोर गडी लागतो, आणि दासगावात तो मिळत नाही. म्हणून कर्नल दोन्ही बाजूंनी खेळतात. घोड्यांवर आडवं टाकलेलं जुन्या घराचं दार हे रणांगण. इंग्रजांच्या बाजूने खेळताना उभे राहतात, मराठ्यांच्या बाजूने खेळताना खुर्चीत बसतात, निष्पक्षपणा तेवढाच. इष्टुर फाकडा त्यांचा लाडका. कॅप्टन स्टुअर्ट हा जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून येताना कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने गेला आणि शत्रूनेच त्याला ‘फाकडा’ ही पदवी देऊन टाकली. तो झाडावर चढून टेहळणी करत होता अशी आख्यायिका आहे, म्हणून कर्नलांनी त्याला काथ्याच्या झाडावर चढवलंय. टेबलाला धक्का लागला की तो पडतो. “इतिहासाला धरूनच आहे,” कर्नल सांगतात.

दर १० मे रोजी मात्र रायगड मांडला जातो. १८१८ साली त्याच तारखेला कंपनीच्या प्रॉथरच्या फौजेने तो घेतला. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफांचा मारा केला, वाडे जळाले, दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. कर्नल हे सगळं अचूक मांडतात आणि फासे टाकतात. मागच्या खेपेला प्रॉथरला सतत एक पडत गेला. दारूगोळा संपला, रोगराई झाली, इंग्रज फौज महाडकडे मागे हटली. रात्री अकराला कर्नलांचा फोन: “गड पडला नाही!” गेलो, तर माणूस घामाघूम. एकीकडे आनंद आवरत नाही, दुसरीकडे चिंता. नियम त्यांनीच पाळलेले, फासे सरळ पडलेले; आता इंग्रज परत कसे गेले याची नोंद वहीत काय करायची? काकू दारातून म्हणाल्या, “नोंद करा की बायकोने तीनदा पान वाढून उचललं.”

काकूंचं या फौजेशी वैर नाही, पण प्रेमही नाही. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं त्या रात्री वीज गेली, खाडी फुगत चालली, तेव्हा कर्नलांनी आधी पलटणी माळ्यावर नेल्या आणि मग तांदूळ. हे त्या कुठल्याही पाहुण्याला सांगतात. किमतीबद्दल त्यांना कर्नलांनी सांगितलेलं एवढंच ठाऊक आहे, की एक शिपाई पंधरा रुपयांना पडतो. खरा आकडा मला माहीत आहे. तेवढ्यात चांगल्यापैकी कोळंबी येते. मी तो लिहिणार नाही, कारण काकू हे वाचतात.

हवालदार इतकी वर्षं शेजारी असून या कपाटापर्यंत कधी आले नव्हते. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आले. कर्नलांनी दिवा लावला, भिंग दिलं, शिपाई काढला.

“काय दिसतंय?”

हवालदारांनी बटणं मोजली नाहीत. एक शिपाई पाहिला, दुसरा मागितला, तिसरा. मग एक इंग्रज कॅप्टन मागितला. बराच वेळ भिंग फिरवून म्हणाले, “साहेबाच्या गालाला थर किती दिलेत?”

“चार,” कर्नल फुलले. “मूळ रंग, सावली, उजेड, आणि नाकावर उन्हाने भाजल्याची लाली.”

“आणि आमच्या माणसाला?”

कर्नल गप्प. देशी शिपायांसाठी तपकिरी रंगाची एकच बाटली होती. एकच थर. दीड हजार माणसं, एक चेहरा.

हवालदारांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, “माझा खापरपणजा पलटणीत होता. कुठल्या, ते घरात कोणाला माहीत नाही. यातला कोणता म्हणायचा?” मग त्यांनी विचारलं की या शिपायांना पगार किती. महिना सात रुपये, कर्नल म्हणाले. हवालदारांनी शिपाई उलटा करून बघितला. “सातातला एक तुम्ही पायाखालीच चिकटवलाय.” नातू हसला, कर्नलही हसले, पण उशिरा. निघताना हवालदारांनी आणखी एक विचारलं: लढणारे एवढे आहेत, पलटणीतून सुटून घरी आलेला एखादा नाही का? कर्नल म्हणाले, तसा कोणी ओतत नाही. “मग गाव कसं पुरं व्हायचं?” हवालदार म्हणाले. “रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि मग लिहायला लागले. त्यांचं खरं काम कोट उतरवल्यावरचं. आणि आमच्या महारांची भरती सरकारने बंद केली, तेव्हा अर्ज कोणी केले? पेन्शनरांनीच.”

पुढचा महिनाभर कर्नलांनी कोणाला काही दाखवलं नाही. आळीला वाटलं माणूस आजारी आहे. ते तपकिरी रंगाच्या पाच नव्या बाटल्या मागवून चेहरे परत रंगवत होते, रांगेने, एकेक. मग त्यांनी एका शिपायाची बंदूक ब्लेडने कापून त्या जागी एम-सीलची छत्री दिली, काखेत कागदाची गुंडाळी, कोटाच्या जागी बंडी. तो ‘पेन्शनर’. हा माणूस सुधारला वगैरे समजू नका. आता पाहुणा आला की पहिल्यांदा पेन्शनरच बाहेर निघतो, त्याच्या छत्रीच्या काड्या मोजाव्या लागतात, आणि चहा पूर्वीइतकाच गार होतो. फरक एवढाच की शेजारच्या खुर्चीत हवालदार बसलेले असतात आणि कर्नल चुकले की भर सभेत दुरुस्त करतात. उजव्या खांद्यावरची बंदूक डाव्या खांद्यावर न्यायला त्यांनी एक अख्खी कंपनी मोडायला लावली.

दोघांनी मिळून आता १९०० ची हद्द ओलांडायचं ठरवलंय. २५ डिसेंबर १९२७: महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून पद्मावती बोटीने हरिहरेश्वर आणि पुढे खाडीने बाबासाहेब आंबेडकर दासगाव बंदरात उतरले. तीन हजारांच्या आसपास सत्याग्रही वाट बघत होते. तिथून सगळे महाडला निघाले आणि त्याच दिवशी रात्री मनुस्मृती जाळली गेली. कर्नलांनी उत्साहाने बाबासाहेबांची मूर्ती घडवायला घेतली, तेव्हा हवालदारांनी हात धरला. “बाबासाहेब बोटाच्या पेराएवढे? नको. तुम्ही गर्दी करा, बंदर करा, बोट करा. ते उतरतायत हे गर्दीच्या माना बघून कळलं पाहिजे.” तेव्हा आता तीन हजार माना. दिवसाला एक धरला तरी आठ वर्षांहून अधिक, म्हणजे कर्नल तेव्हा ऐंशीला टेकलेले असतील. काकूंना त्यांनी चार वर्षं सांगितली आहेत.

अडचण बोटीची आहे. त्या काळी सावित्रीच्या खाडीत चालणाऱ्या लाँचची लांबी, कठडा, वरचं छप्पर, रंग, यातलं काही मापात मिळत नाही, आणि मापाशिवाय कर्नल करवत हातात घेत नाहीत. तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत दासगाव किंवा बाणकोट बंदराचा, लाँचचा, धक्क्यावरच्या गर्दीचा एखादा जुना फोटो असेल तर त्याची प्रत दासगावला जरूर पाठवा. पोस्टाने पाठवा. स्वतः घेऊन जाणार असाल तर सकाळीच निघा, आणि चहा आधी मागा.